निरीक्षणाची संधी मिळाली नाही

डिसेंबर उजाडला की आमच्या स्टाफरूममध्ये शिफारसपत्रांचा सीझन सुरू होतो. जुना विद्यार्थी फोन करतो, "मॅडम, ओळखलं का?" विचारतो आणि दुसऱ्याच वाक्याला एलओआरवर येतो. पत्र त्यानंच लिहिलेलं असतं, नाहीतर त्याच्या कन्सल्टन्सीवाल्यानं. मी ते वाचायचं, एखादा शब्द बदलायचा आणि लेटरहेडवर सही-शिक्का करून द्यायचा. बावीस वर्षं मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिक्स शिकवतेय. अशा किती सह्या केल्या त्याची मोजदाद नाही.

गेल्या हिवाळ्यात एका परदेशी विद्यापीठानं पत्राऐवजी थेट मलाच ईमेलवर फॉर्म धाडला. विद्यार्थी शेजारच्या खुर्चीवर बसलेला. एक-एक रकाना भरत गेलो आणि 'वर्गातल्या चर्चेत सहभाग' या रकान्यापाशी माझा हात थांबला. पुढं गोल होते: वर्गातल्या पहिल्या 2 टक्क्यांत, 5 टक्क्यांत, 10, 25. सगळ्यात शेवटी एक वेगळा गोल होता, 'निरीक्षणाची संधी मिळाली नाही'. पोरगं म्हणालं, "मॅडम, टॉप फाइव्ह करा की."

तीन वर्षं हा मुलगा माझ्या वर्गात होता. म्हणजे हजेरीपटावर होता. त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो व्हायव्हाला, तोंडी परीक्षेत. खरं उत्तर शेवटच्या गोलात होतं, आणि ते दिलं असतं तर माझ्या खरेपणापायी त्याचं वाटोळं झालं असतं. मी 10 टक्क्यांवर टिचकी मारली. तो शेवटचा गोल मात्र तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

परदेशात शिकायला गेलेली मुलं आणि घरी राहिलेली मुलं यांच्यात फरक काय, ही चर्चा आमच्याकडं लग्नाच्या पंगतीतही होते. तिचा निकाल ठरलेला असतो. गेलेलं पोरगं हुशार, हिमतीचं. राहिलेलं बिचारं. मग कुणीतरी आईबापाची सेवा वगैरे काढतं आणि राहिलेल्याला थोडे ग्रेस मार्क देतं. फरक पडतो हे मी नाकारत नाही, डोळ्यांनी पाहिलाय. पण त्यातला अर्धा फरक मुलगा विमानात बसण्याआधीच पडलेला असतो आणि तो बुद्धीचा नसतो. उरलेला अर्धा तिकडं पडतो तो परदेशाच्या हवेनं नव्हे. तिकडं वर्ग भरतो, आमच्याकडं भरत नाही, म्हणून पडतो.

आधी पहिल्या अर्ध्याचं बोलते.

दोघे भाऊ माझे विद्यार्थी, दोन वर्षांच्या अंतरानं. घरी सहा एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. थोरला मार्कांनी वरचढ होता, हे माझ्या वहीत आजही आहे. धाकट्यानं माझ्याकडं बी.एस्सी. केलं, संभाजीनगरला एम.एस्सी. केलं आणि जर्मनीचं डोक्यात घेतलं. वडील मला भेटायला आले, टोपी हातात घेऊन उभे. "मॅडम, पोरगं जर्मनीला जातो म्हणायलंय. तिथं फी नाही म्हणतंय. मग बँकवाला दहा-बारा लाख कशाचे मागायलाय?"

प्रश्न बिनतोड होता. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवणीची फी घेत नाहीत, हे खरंच. पण व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच तिकडच्या बंद खात्यात टाकून दाखवावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून ती रक्कम 11,904 युरो आहे, म्हणजे महिन्याला 992 युरो काढता येतात. आपल्या पैशात हे दहा लाखांच्या वर जातं. आणि शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. घरची सहा एकर जमीन बँकेला चालत नाही, कारण कर्ज बुडालं तर ज्या सरफेसी कायद्यानं बँक मालमत्ता झटपट ताब्यात घेते, तो 2002 चा कायदा शेतजमिनीला लागूच होत नाही. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी ठेवलेली ही सोय शेतकऱ्याच्या पोराला मात्र आडवी येते. बँकेला लागतो एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, नाहीतर मुदत ठेव.

त्या घरात एनए प्लॉट एकच होता, मामानं आईच्या नावे केलेला. एका प्लॉटवर एकच पोरगं जातं. थोरल्याचं लग्न ठरलेलं, वडिलांच्या किडनीचं दुखणं नुकतंच निघालेलं. धाकटा गेला. आता पंगतीत लोक म्हणतात, धाकटा हुशार निघाला.

बीड-धाराशिवकडच्या वाचकाला इथं उचल आठवली तर मी त्याला दोष देणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन कोयत्याची जोडी, नवरा-बायको, साखर कारखान्याला जाते आणि फिटेपर्यंत ऊस तोडते. बरोबरी मला करायची नाही; एम.एस.ला गेलेला मुलगा आणि पाचटात मूल झोपवून मोळ्या बांधणारी बाई यांच्या हालांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण आधी पैसा उचलायचा, मग तो फेडायला परमुलखात राबायचं आणि फिटेपर्यंत परतीचं नाव काढायचं नाही, हा व्यवहार आमच्या भागाच्या अंगवळणी पडलाय. 'तिकडं गेलेली मुलं परत येत नाहीत, त्यांना मातीची ओढ नाही' असं जे सभांतून सुनावतात, त्यांनी एकदा त्या मुलांचा हप्ता विचारावा. युरोत कमावून रुपयात फेडणं जमतं. रुपयात कमावून फेडायला बसलं तर केस पिकतात.

आता दुसरा अर्धा. धाकटा दीड वर्षानं बहिणीच्या लग्नाला आला तेव्हा कॉलेजात भेटायला आला. मला वाटलं, चॉकलेटं देईल आणि बर्फाचे फोटो दाखवील. ते झालंच. मग म्हणाला, "मॅडम, पहिल्याच महिन्यात माझा लॅब रिपोर्ट परत आला."

का, तर त्याची रीडिंग फार चांगली होती.

हे समजायला आमच्याकडचं प्रॅक्टिकल ठाऊक पाहिजे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचा प्रयोग असतो. दोऱ्याची लांबी मोजायची, वीस आंदोलनांना (लंबक पलीकडं जाऊन परत आला की एक) किती वेळ लागतो तो स्टॉपवॉचवर घ्यायचा, सूत्रात घालायचं. उत्तर 9.8 च्या आसपास यायला पाहिजे. आमच्याकडं ते आसपास येत नाही, थेट 9.8 च येतं. कारण मागच्या वर्षीच्या पोरांची जर्नलं झेरॉक्सवाल्याकडं मिळतात. उत्तर आधी लिहायचं आणि मग उलट गणित करून रीडिंग बसवायची. याला आमच्या पोरांत 'रीडिंग सेट करणं' म्हणतात. मला हे माहीत आहे. मला माहीत आहे हे पोरांना माहीत आहे. मी सही करते, बाहेरून आलेले एक्स्टर्नल परीक्षकही करतात, सगळ्यांना वीसपैकी अठरा.

धाकट्यानं तिकडं तेच केलं, सवयीनं. चोरी करतोय असं त्याच्या मनातही नव्हतं. त्याच्या मते चांगलं प्रॅक्टिकल असंच असतं. तिथल्या असिस्टंटनं समासात एवढंच लिहिलं होतं की, तुझ्या घड्याळाची अचूकता एवढी नाही, मग आकडे एवढे जुळले कसे? तो रिपोर्ट त्यानं तीनदा लिहिला. शेवटी जो मान्य झाला त्यात उत्तर चुकलेलं होतं. पण का चुकलं असावं यावर दोन पानं होती.

त्यानं आणखी एक सांगितलं. तिकडं बहुतेक लेक्चरना हजेरी सक्तीची नाही, तरी वर्ग भरलेला असतो. कारण एका विषयाची परीक्षा साधारण तीनदाच देता येते. तिसऱ्यांदा नापास झालं की त्या अभ्यासक्रमातून नाव कटतं, आणि मग व्हिसाचाही प्रश्न उभा राहतो. आमच्याकडं 75 टक्के हजेरी सक्तीची आणि वर्गात सहा जण. विषय राहिला तर एटीकेटी आहेच. हे मी त्यांच्या कौतुकापायी सांगत नाही. तीन संधींचा तो नियम निर्दय आहे, दूरदेशी एकट्या पोराचं त्यानं काय होत असेल ही कल्पनाही करवत नाही. मुद्दा एवढाच की, त्या मुलात जो बदल झाला तो कुणीतरी त्याचं लिहिलेलं खरंच वाचलं, म्हणून झाला. या कामाला जर्मनी लागत नाही. हे मी करू शकत होते. केलं नाही.

का केलं नाही, त्याची कारणं माझ्याकडं भरपूर आहेत. आमच्या विभागात पूर्ण वेळ दोघी, बाकीचे तासिका तत्त्वावर. ते बिचारे दोन कॉलेजांत मिळून तास घेतात आणि मधल्या वेळात मोटारसायकलवर असतात. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची फाईल आली की महिनाभर भिंतींना तक्ते लागतात आणि वर्ग बुडतात. अकरावी-बारावीची गंमत तर वेगळीच. मुलांची नावं एका कॉलेजात, मुलं लातूरच्या क्लासमध्ये. लातूर पॅटर्ननं या भागातल्या हजारो साध्या घरांतून डॉक्टर-इंजिनियर काढले, त्याचा मला अभिमान आहे. पण त्या दोन वर्षांत मूल एक गोष्ट पक्की शिकतं: प्रश्न विचारायचा नसतो, चार पर्यायांतला बरोबर गोल काळा करायचा असतो. ती सवय घेऊन ते माझ्याकडं येतं आणि मी ती तशीच पुढं पाठवते.

परदेश म्हणजे आपोआप बदल, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडची दुसरी परदेशवारी बघावी. ती जर्मनी-अमेरिकेची नसते. 2024 साली नीटला 23 लाखांहून जास्त मुलं बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. मॅनेजमेंट कोट्याचा आकडा ऐकून बाप खाली बसतो. मग लातूर-नांदेडच्या चौकाचौकांतले फ्लेक्स रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जियाचा रस्ता दाखवतात. एजंटामार्फत पाच-पन्नास पोरांची बॅच जाते. एकाच होस्टेलात राहते, इंडियन मेसमध्ये वरण-भात खाते, संध्याकाळी आपल्याच पोरांत बसते, आणि पेशंटशी बोलावं लागेल एवढी तिथली भाषा कित्येकांना शेवटपर्यंत येत नाही. ही मुलं परदेशात जाऊनही लातूरच्या औसा रोडलाच राहिलेली असतात. मी यात त्यांची टिंगल करत नाही, माझा सख्खा भाचा त्यांच्यात आहे. परत आल्यावर त्यांना एफएमजीई, म्हणजे परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांची पात्रता परीक्षा द्यावी लागते. तीनशे प्रश्न, दीडशे बरोबर आले तर पास. अलीकडच्या वर्षांत बहुतेक सत्रांत तिघांतला एकसुद्धा पास होत नाही. मग दिल्लीला क्लास. म्हणजे सहा वर्षं परदेशात काढून पोरगं पुन्हा क्लासच्याच बाकावर.

तेव्हा पासपोर्टवरच्या शिक्क्यानं काही होत नाही.

राहिलेल्या थोरल्याकडं येते. त्यानं गावात आपले सरकार सेवा केंद्र टाकलंय. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, बाहेर बाकडं. सातबारा, ई-पीक पाहणी, पीक विमा. अतिवृष्टी झाली की विम्यासाठी नुकसान 72 तासांच्या आत कळवावं लागायचं, तेव्हा तो नियम गावात त्यालाच पाठ होता. गेल्या पावसाळ्यात मी काही कामानं तिथं बसले होते. पंचनाम्याला आलेल्या माणसाला तो विचारत होता, "तुमचं पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावाला, नाल्याच्या पलीकडं. आमच्या शिवारात किती पडला ते त्याच्यावरून कसं ठरवलंत? आणि नमुन्याचे प्लॉट कुणी निवडले?" समोरचा चिडला, पण त्याच्याकडं उत्तर नव्हतं. मी बघतच राहिले. हा मुलगा माझ्या वर्गात तीन वर्षांत एकदाही उठून उभा राहिला नव्हता. मोजमाप कसं केलं, आकडा आला कुठून, हाच तर जर्मनीतल्या त्या असिस्टंटचा प्रश्न! एक भाऊ तो तिकडं जाऊन शिकला, दुसरा पाण्याखाली गेलेल्या सोयाबीनच्या काठावर. दोघांपैकी एकही माझ्याकडं शिकला नाही.

फरक इतकाच की धाकट्याच्या शिकण्याला दोन वर्षांनी पदवी मिळाली आणि थोरल्याच्या शिकण्याला नाव नाही. वडिलांच्या डायलिसिसच्या आठवड्याला दोन फेऱ्या तोच करतो. त्या फेऱ्यांवर धाकट्याचं जर्मनी उभं आहे, हे धाकटा जाणतो. पंगतीतले लोक जाणत नाहीत.

मुलींचा तर या हिशोबात उल्लेखच येत नाही. घरी राहिलेल्यांत त्याच जास्त. आमच्याकडच्या मुलीला परदेश घडतो तो बहुधा नवऱ्याच्या व्हिसावर. बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो, तेवढ्यावर एक अख्खी पिढी शिकली. 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची शिक्षण फी सरकार भरतं, तेही चांगलं झालं. पण माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमधल्या निम्म्या मुलींचं विज्ञान साडेचारच्या बसवर ठरतं. ती चुकली की पुढची सात वाजता, आणि सातची बस म्हणजे घरी बोलणी. त्या मुली रीडिंग सेट करतात ते आळसापायी नाही. दुसरा मार्गच नसतो.

खरं तर शिकायला मुलूख सोडणं मराठवाड्याला नवं नाही. निजामाच्या राज्यात पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे, तिथं उस्मानियात माध्यम उर्दू. 1938 साली वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा त्यांना नागपूर विद्यापीठानं घेतलं. नागपूर त्या वेळी दुसरं राज्यच होतं. ती मुलं शिकायला गेली होती आणि भांडायलाही.

आणि बाबासाहेब. 1913 साली सयाजीरावांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. मुदत संपली म्हणून 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परतावं लागलं. 1920 साली पुन्हा गेले ते साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले उसने पैसे यांच्या बळावर. आमच्याकडं भाषणांतून हे सांगून टाळ्या घेतात आणि थांबतात. पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. परदेशात जे मिळालं ते त्यांनी 1950 साली औरंगाबादला आणून टाकलं. तेव्हा मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठसुद्धा नव्हतं, ते 1958 साली आलं. कॉलेजला नाव दिलं मिलिंद. मिलिंद म्हणजे तो ग्रीक राजा, जो भेटेल त्याला प्रश्न विचारून हैराण करायचा आणि भिक्खू नागसेनांनी उत्तरं दिली तेव्हाच नमला. पोरांनी प्रश्न विचारावेत म्हणून ज्या भूमीत कॉलेजाचं नावच असं ठेवलं, तिथं मी 'वर्गातल्या चर्चेत सहभाग' या रकान्यापाशी अडकते.

सरकारकडून माझ्या अपेक्षा फार नाहीत, पण एक सल आहे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर अनुसूचित जातींतली 75 मुलं वर्षाला जातात. केंद्राच्या शिष्यवृत्तीत 125 जागा, त्यात भटके-विमुक्त आणि भूमिहीन मजुरांची मुलंही येतात. अख्ख्या देशाला 125 ही संख्याच तुटपुंजी. त्यात 2022 साली केंद्रानं नियम बदलला: भारतीय संस्कृती, इतिहास, वारसा आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय या पैशांवर परदेशात शिकता येणार नाहीत. म्हणजे ऊसतोड मजुराच्या मुलीला आपल्या आईच्या स्थलांतरावर लंडनला बसून प्रबंध लिहायचा असेल तर ती शिष्यवृत्ती तिच्यासाठी नाही. कारण असं सांगतात की, भारताचा अभ्यास भारतातच चांगला होतो. ऐकायला गोड आहे. पण मग ज्या कॉलेजात तो चांगला व्हायचा, तिथल्या जागा भरा ना! हेही बंद आणि तेही रिकामं, असं कसं चालेल? बाबासाहेबांनी कोलंबियात जातींवर निबंध वाचला होता, 1916 साली. आजच्या नियमात तो बसला नसता.

यंदा मी जर्नलं कपाटात घालून कुलूप लावलं. झेरॉक्सवाल्याचं काय करणार, पण निदान दोऱ्याची लांबी मी बदलली, म्हणजे जुने आकडे चालणार नाहीत. पहिल्या बॅचला गोंधळ माजला. एका मुलीचं उत्तर 10.86 आलं. ती घाबरून माझ्याकडं आली, "मॅडम, नऊ पॉइंट आठ करून टाकू का?"

मी म्हटलं, नको. आंदोलनं मोजतेस कशी, ते दाखव. तिनं लंबक सोडला, स्टॉपवॉच दाबलं आणि त्याच क्षणी 'एक' म्हणाली. मी काही बोलले नाही. तिनं तीनदा तसंच केलं, चौथ्यांदा 'एक' म्हणता म्हणता थांबली. माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. सव्वाचार होऊन गेले होते.

"उद्या करते," म्हणाली, "पण स्टँड असाच राहू द्या." आणि दप्तर उचलून पळाली. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा होता. त्याला म्हटलं, बाकीचं आवर, तेवढा एक लंबक राहू दे.